मदत हवी आहे: हिमवादळात घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचे पाइप बुजू नयेत म्हणून काय करावं?

आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ भाड्याच्या घरात राहतो. उद्या रात्रीपासून ईरी सरोवरावरून जोराचा वारा आणि दोन-तीन फूट बर्फाचा इशारा आहे. गॅस फर्नेसचे हवा घेणारे आणि धूर सोडणारे पांढरे पीव्हीसी पाइप पश्चिमेच्या भिंतीतून जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर बाहेर येतात. वाऱ्यानं बर्फ नेमका तिथेच साचतो. भोवतालचा बर्फ उपसलाय, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे अलार्म तपासलेत. घरमालक पाइप उंच करायला तयार नाहीत. आई-बाबा आलेत, त्यामुळे फर्नेस बंद ठेवता येणार नाही. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात इथे रुग्णवाहिकासुद्धा अडकल्या होत्या, म्हणून ऐनवेळच्या मदतीवर विसंबायचं नाही. पाइपांसमोर प्लायवूडचा आडोसा केला तर बर्फ अडेल की मागे आणखीच साचेल? धूर कोंडू नये म्हणून आडोसा पाइपांपासून किती अंतरावर लावावा?