एअर रायफलचे पेलेट : लॉट तपासून घ्यायचे की मिळतील ते?

(पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, लॉट म्हणजे एकाच वेळी बनलेला माल. नाशिकच्या चार भागांतल्या नेमबाजीवाल्यांची ही चर्चा; प्रत्येकाचं नाव म्हणून त्याचा भाग दिला आहे.)

गंगापूर रोड :
नाशिकमध्ये नव्या मुलाच्या हातात १० मीटरची एअर रायफल आली की हमखास ऐकू येतं, 'आधी पोझिशन (उभं राहण्याची ढब) बसू दे, पेलेट कुठलेही चालतील.' मला हे अजिबात पटत नाही. त्याच कंपनीचे, तेच ०.५३ ग्रॅमचे पेलेट असले तरी लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या छिद्रांचा पसारा, बदलतो. साचा झिजला की पेलेटच्या डोक्याचा व्यास आणि स्कर्टची (मागच्या पोकळ घेराची) जाडी किंचित हलते, आणि प्रत्येक बॅरलची (नळीची) आवड वेगळी. एकाला ४.४९ मिमीचं डोकं मानवतं, दुसऱ्याला ४.५०.

रायफल रबर लावलेल्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा. पकड रिसीव्हरला (बॅरल बसते त्या मधल्या भागाला) द्या, बॅरलला नको. बॅरलवर ताण आला की सगळी चाचणी वाया. पहिले पाच शॉट मोजू नका. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. छिद्रांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ग्रुप ६ मिमी आला तर त्याच लॉटचे डबे उचला. ८.५ आला तर सोडून द्या.

सिडको :
हिशेब करून बघा. सरासरी ९.५ मारणाऱ्या मुलाचा शॉट मध्यापासून साधारण ३.७५ मिमी लांब पडतो. तुमच्या चांगल्या लॉटची स्वतःची चूक सरासरी ०.५ मिमी, वाईटाची १.३. या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. म्हणजे ३.७८ विरुद्ध ३.९७. निशाणावर २.५ मिमीला एक गुण, म्हणजे शॉटमागे ०.०८ गुणसुद्धा नाही! एवढ्यासाठी पालकांना चार-पाच लॉटचे डबे विकत घ्यायला लावायचे? तो पैसा आणि वेळ रोजच्या ड्राय फायरिंगला (पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याच्या सरावाला) द्या, ट्रिगर सुधारेल.

गंगापूर रोड :
तुमचाच आकडा मॅचच्या ६० शॉटने गुणा, साडेचार गुण होतात. निवड चाचणीत तेवढ्यात नाव यादीबाहेर जातं. आणि १०.४ सरासरीवाल्याची चूक दीड मिमीच असते. त्याला हाच वाईट लॉट नऊ-दहा गुणांना पडतो.

पंचवटी :
लॉट तपासावा, पण पाच शॉटचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नका. त्याच पेलेटचा दहा शॉटचा ग्रुप सरासरीने पाचाच्या सव्वापट मोठा येतो. एकच छोटा ग्रुप नशिबानेही पडतो, म्हणून तीनची सरासरी हवी.

वजन करून पेलेट निवडण्याबद्दलही विचारतात. १० मीटरवर, १७२ मीटर प्रति सेकंद वेगाला, पेलेट साधारण १७ मिमी खाली येतो. वजनात ०.०१ ग्रॅमचा फरक असेल तर वेग सुमारे एक टक्का हलतो आणि शॉट ०.३५ मिमी वरखाली होतो, म्हणजे ०.१४ गुण. सराफ बाजारातला ०.०१ ग्रॅमचा काटा यासाठी निरुपयोगी, ०.००१ ग्रॅम दाखवणारा लागेल. पण मॅच दर्जाच्या एका डब्यात एवढा फरक सहसा नसतोच, म्हणून वजन करण्यापेक्षा लॉट निवडणं फायद्याचं.

देवळाली :
सिडकोवाल्या दादांशी मी सहमत आहे, पण कारण वेगळं. चांगला लॉट घेऊनही मुलं तो हाताने बिघडवतात. डबा पडला की शिशाचा स्कर्ट चेपतो. चेपलेला पेलेट बॅरलमध्ये एका बाजूने हवा गळू देतो आणि शॉट उगाच नऊवर जातो. बोटाने ढकलताना तिरका बसला तरी तेच. पेलेट फोमच्या ट्रेमध्ये एकेक ठेवा, स्कर्ट डोळ्यांनी बघा, शंका आली की बाजूला काढा. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या पेलेटवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते; ते मॅचला वापरू नका. रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचा.

सिडको :
हे पटलं. फेल्टने (लोकरीच्या बोळ्याने) बॅरल पुसल्यावरचे पहिले काही शॉटही भलतीकडेच जातात. लॉट तपासणारच असाल तर बॅरल पुसून लगेच तपासू नका, वीसेक शॉट आधी जाऊ द्या.

गंगापूर रोड :
बरोबर, पाचऐवजी वीस धरा. लॉट नंबर डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो, पसंत पडला की त्याच नंबरचे डबे हंगामापुरते घेऊन ठेवा. दोन महिन्यांनी तो लॉट दुकानात सापडत नाही.