चाचणीच्या प्रश्नांवर कमेंट्समधून एकत्र काम करताना शिस्त कशी ठेवावी?

शाईपेन यांचा प्रश्न

आमच्याकडे अंतर्गत प्रशिक्षणानंतर घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांचे प्रश्न विषयतज्ज्ञ, प्रशिक्षण विभाग आणि अनुपालन विभाग मिळून तयार करतात. प्रश्न एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहायचे, त्यांवर सर्वांनी कमेंट्सच्या रूपाने अभिप्राय द्यायचे आणि अंतिम झालेले प्रश्न चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, अशी पद्धत आहे. 'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'अंतिम सुधारित नवीन' अशा नावांच्या फायली ई-मेलवर फिरत राहण्यापेक्षा हे निश्चितच बरे आहे. परंतु कमेंट्स वाढतात त्या प्रमाणात प्रश्नांचा दर्जा वाढताना दिसत नाही.

'हा पर्याय कमकुवत वाटतो', 'सहमत', 'भाषा तपासावी' अशा शेऱ्यांची रांग लागते. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने 'प्रश्न फारच सोपा आहे' असे लिहिले की त्याखाली कोणी वेगळे मत मांडत नाही, आणि मुदत संपत आली की कोणीतरी उरलेल्या सर्व कमेंट्स एकगठ्ठा रिझॉल्व्ह करून (म्हणजे निकाली निघाल्याची खूण करून मिटवून) टाकते. पुढे एखाद्या परीक्षार्थीने उत्तरावर आक्षेप घेतला, तर तेच उत्तर बरोबर का धरले होते याचा माग लागत नाही. ज्यांच्याकडे हे काम नियमितपणे चालते त्यांनी आपली पद्धत कृपया सांगावी.

अधोरेखित यांचा प्रतिसाद

आपण मांडलेल्या अडचणींपैकी ज्येष्ठांच्या शेऱ्याखाली इतरांनी गप्प बसणे ही मला सर्वांत गंभीर वाटते, कारण बाकीच्या अडचणी गैरसोयीच्या आहेत, तर हिच्यामुळे सदोष प्रश्न थेट चाचणीत जातो. परीक्षणात दोन निराळी कामे एकत्र मिसळली जातात. शब्दरचना सुधारण्याचे काम सर्वांनी एकमेकांचे वाचत केले तर चांगले होते. प्रश्नाचे बरोबर उत्तर खरोखर एकच आहे का आणि प्रश्न कितपत कठीण आहे, हे मात्र प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे ठरवायला हवे. त्या टप्प्यावर कमेंट्स उघड्या ठेवणे अपायकारकच ठरते.

उदाहरण म्हणून हा प्रश्न पाहा: 'चालू विद्युत उपकरणाला आग लागल्यास कोणते अग्निशामक वापरावे?' पर्याय आहेत पाणी, फोम, कार्बन डायऑक्साइड आणि कोरडी रासायनिक पावडर. उत्तरसूचीत कार्बन डायऑक्साइड आहे. उत्तर आधीच पाहिलेला परीक्षक मान डोलावून पुढे जातो, फार तर 'फोम' कसा लिहावा यावर कमेंट टाकतो. उत्तर न पाहता प्रश्न सोडवणारा मात्र अडखळतो, कारण अशा आगीवर कोरडी पावडरही चालते. म्हणजे या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत आणि ज्याला विषय अधिक कळतो तोच यात गुण गमावण्याचा संभव आहे.

म्हणून आमच्याकडे परीक्षकांना पहिल्या फेरीत उत्तरसूची आणि कमेंट्स यांविना असलेली प्रत दिली जाते. ते प्रश्न सोडवतात, उत्तर आणि काठिण्याचा अंदाज एका फॉर्ममध्ये भरतात आणि मगच चर्चेचे डॉक्युमेंट त्यांच्यासाठी खुले होते. उत्तीर्णतेची सीमा ठरवण्यासाठी अँगॉफ पद्धत वापरतात, तिच्यातही हेच तत्त्व आहे: जेमतेम पात्र ठरेल असा परीक्षार्थी हा प्रश्न बरोबर सोडवण्याची शक्यता किती, याचा अंदाज प्रत्येक तज्ज्ञ आधी स्वतंत्रपणे देतो आणि चर्चा त्यानंतर होते. (विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये ही शक्यतेची रीत एका तळटीपेत सुचवली होती, आज तिच्यावर अख्ख्या कार्यशाळा चालतात.)

चर्चेच्या फेरीत कमेंट कशी लिहावी, तेही याच प्रश्नावर सांगतो. 'पर्याय ड तपासावा' एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. 'ड हेही बरोबर उत्तर ठरते. प्रश्नात "आग विझल्यानंतर उपकरणांवर कोणताही अवशेष राहू नये अशी अपेक्षा असल्यास" ही अट घातल्यास क हे एकच उत्तर उरेल' असे लिहिले, तर दोष, त्याचे कारण आणि सुचवलेला बदल हे सारे एका जागी येते आणि प्रश्नकर्त्याला केवळ होकार किंवा नकार द्यायचा उरतो.

मार्जिन यांचा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे. मी फक्त माग न लागण्याविषयी लिहितो. कमेंट ही निर्णयाची नोंद नव्हे, एवढे मान्य केले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. कमेंट मजकुराच्या एखाद्या तुकड्याला चिकटलेली असते. तो तुकडा कोणी पुन्हा लिहिला किंवा पुसला की ती एकतर नाहीशी होते किंवा संदर्भ हरवून इतिहासात पडून राहते. रिझॉल्व्ह केलेल्या कमेंट्स शोधता येतात हे खरे, पण त्यात प्रश्न क्रमांक नसतो, अंतिम मजकूर नसतो, आणि प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये भरताना तर त्या मागे डॉक्युमेंटमध्येच राहतात.

त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला कायमचा क्रमांक द्यावा आणि एका शीटमध्ये त्या क्रमांकासमोर 'काय बदलले', 'का बदलले', 'कोणी मान्य केले' असे रकाने ठेवावेत. ही नोंद झाल्याशिवाय कमेंट रिझॉल्व्ह करायची नाही आणि रिझॉल्व्ह करण्याचा अधिकार त्या प्रश्नाच्या लेखकाला न देता परीक्षणाच्या समन्वयकाला द्यायचा, एवढे दोन नियम पाळले तरी एकगठ्ठा रिझॉल्व्ह करण्याचा प्रकार थांबतो. 'सहमत' असे लिहिण्याऐवजी अंगठ्याची खूण पुरते. ज्याने कृती करायची आहे त्याला नावानिशी टॅग करावे. तिघांना एकत्र टॅग केले की तिघेही दुसऱ्याची वाट पाहतात.

एक बारीकशी बाब एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: त्यात 'नोट' आणि 'कमेंट' या आता वेगवेगळ्या सोयी आहेत. नोटला उत्तर देता येत नाही आणि ती रिझॉल्व्हही करता येत नाही. निम्म्या टीमने नोट्स लिहिल्या आणि उरलेल्यांनी कमेंट्स, तर चर्चेचा धागा जुळत नाही.

कोरा कागद यांचा प्रतिसाद

दोन्ही प्रतिसाद उत्तम असले, तरी दोन-तीन जणांच्या टीमला एवढा पसारा झेपणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा प्रश्नांच्या उजळणी चाचणीसाठी स्वतंत्र फॉर्म, शीट आणि समन्वयक नेमण्यापेक्षा सर्वांनी एकत्र बसून प्रश्न मोठ्याने वाचणे अधिक लवकर होते. ज्या चाचणीच्या निकालावर कोणाची पात्रता, पदोन्नती किंवा यंत्र हाताळण्याची परवानगी अवलंबून आहे, तिथेच ही सारी काटेकोर पद्धत लावावी.

मात्र गोपनीयतेचा मुद्दा चाचणी लहान असो वा मोठी, सुटत नाही आणि वर त्याचा उल्लेख आलेला नाही. कमेंट्समध्ये बरोबर उत्तर आणि त्याचे कारण दोन्ही उघडपणे लिहिलेले असते. डॉक्युमेंटची वर्ड प्रत काढून पाठवली तर कमेंट्स तिच्यासोबत जातात. वर्डमधून पीडीएफ करताना मार्कअप दाखवण्याचा पर्याय चालू राहिला, तर त्या पीडीएफमध्येही दिसतात. शिवाय कमेंटची सूचना ई-मेलने जाते आणि त्या ई-मेलमध्ये कमेंटचा मजकूर असतो, त्यामुळे नंतर डॉक्युमेंटचा ॲक्सेस काढून घेतला तरी तो मजकूर इनबॉक्समध्ये राहतोच. ज्यांना पुढे तीच चाचणी द्यायची आहे त्यांना चर्चेत टॅग करू नये, हे सांगायची गरज पडू नये, परंतु पडते.

शाईपेन

सर्वांचे आभार. उत्तर न पाहता सोडवण्याची फेरी आम्ही सुरक्षाविषयक चाचणीपुरती लगेच सुरू करत आहोत. दोन शंका उरतात. चौथा पर्याय काय असावा यावरच आमच्या निम्म्या कमेंट्स खर्च होतात. त्यावर काही उपाय आहे का? आणि चाचणी सुरू असताना प्रश्नात दोष आढळला, तर कमेंट लिहून तिथल्या तिथे दुरुस्ती करावी का?

अधोरेखित

चौथा पर्याय सुचत नसेल तर तीनच ठेवा. मायकेल रॉड्रिग्ज यांनी बहुपर्यायी प्रश्नांवरील अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन २००५ मध्ये असाच निष्कर्ष मांडला होता की बहुतेक वेळा तीन पर्याय पुरेसे असतात; ओढूनताणून आणलेला चौथा पर्याय कोणी निवडत नाही, तो केवळ वाचायला वेळ घेतो.

चालू चाचणीत मात्र प्रश्नाला हात लावू नये. आधी सोडवलेल्यांना एक प्रश्न आणि नंतरच्यांना दुसरा, अशी स्थिती झाली की दोघांच्या गुणांची तुलना करता येत नाही, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न काढून टाकला की त्याची आलेली उत्तरेही जातात. दोष शीटमध्ये प्रश्न क्रमांकासमोर नोंदवावा, चाचणी संपू द्यावी आणि मग दोन्ही उत्तरे ग्राह्य धरायची की प्रश्न सर्वांसाठी रद्द करायचा हे ठरवून पुन्हा गुणांकन करावे.

निकाल हाती आल्यावर आणखी एक गोष्ट अवश्य करा. किती टक्के लोकांनी प्रश्न बरोबर सोडवला आणि एकूण गुणांत वर असलेल्यांनी तो खालच्यांपेक्षा अधिक प्रमाणात बरोबर सोडवला का, हे दोन आकडे त्याच शीटमध्ये भरा. वरच्या गटातील लोक एखाद्या प्रश्नात खालच्या गटापेक्षा अधिक चुकत असतील, तर पहिला संशय उत्तरसूचीवर घ्यावा. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'फारच सोपा' ठरवलेला प्रश्न किती जणांना जमला, हेही तिथेच कळेल, आणि पुढच्या फेरीत त्या शेऱ्याखाली वेगळे मत लिहिणाऱ्याच्या हाती आकडा असेल.