आलेखातल्या 'लेजेंड'ला मराठीत काय म्हणायचं?

मी सोलापुरात नववीला गणित शिकवते. यंदा पोरांकडून उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख ग्नूप्लॉट या आलेख काढायच्या प्रोग्राममध्ये काढून घेतला, तो पण स्क्रिप्ट (कमांडांची फाईल) लिहून, म्हणजे पुढच्या वर्षी आकड्यांची फाईल बदलायची आणि तीच स्क्रिप्ट परत चालवायची. स्क्रिप्ट पोरांना पटकन जमली, अडलं ते शब्दांवर. अक्ष, आरंभबिंदू, प्रमाण हे पुस्तकात आहे, पण कोपऱ्यातली ती चौकट, निळी रेघ यंदाची आणि लाल मागच्या वर्षीची असं सांगणारी, तिला काय म्हणायचं? लेजेंड डिक्शनरीत बघितलं तर दंतकथा. ग्नूप्लॉटमधे तर कमांडच 'सेट की', एकाने वहीत किल्ली लिहून आणलं. मला दोन्ही पटत नाहीत.

उत्तर १ : मॅडम, सूची म्हणा की. भूगोलाच्या पुस्तकात नकाशाच्या कोपऱ्यात रेल्वे, नदी, रस्ता यांच्या खुणा देतात ती सूचीच, पोरांच्या ओळखीचा शब्द आहे. आणि लेजेंड मूळ लॅटिन, अर्थ 'वाचायच्या गोष्टी'. संतांच्या कथा वाचून दाखवायचे म्हणून त्या कथांना ते नाव पडलं, नाण्यावरच्या अक्षरांनाही इंग्रजीत लेजेंडच म्हणतात. तुमची चौकट पण वाचायचीच असते, तेव्हा दंतकथा हा अर्थ इथं लावायचाच नाही.

उत्तर २ : नुसतं सूची म्हटलं की यादी वाटते ओ, मी चिन्हसूची लिहितो. स्क्रिप्टमधे टर्मिनल (म्हणजे चित्र कशात काढायचं ते) पीएनजीकैरो ठेवा आणि देवनागरी असलेला फॉन्ट द्या, जोडाक्षरं नीट उमटतात.

दोघांचे आभार. वर्गात बोलताना सूची, कागदावर चिन्हसूची, ठरलं. आता दुसरा शब्द, आणि हा मला जास्त छळतोय. उजनीची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, तो साधारण ५३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्याखाली अजून ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणून उन्हाळ्यात मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याच्या खाली जातो आणि गावभर 'उजनी मायनसमधे गेली' होतं. एका पोरीने अक्षाची खालची हद्द शून्य ठेवली तर एप्रिल-मे आलेखातून गायबच झाले! हद्द खाली नेली, शून्याखालचा भाग फिल्डकर्व्हजने (ग्नूप्लॉटची रंग भरायची सोय) रंगवला, आणि चिन्हसूचीत त्या रंगापुढं काय लिहायचं इथं सगळे थांबले. 'मायनस' लिहिलं तर धरणात पाणीच नाही असं वाटतं, 'मृतसाठा' हा सरकारी शब्द बरोबर आहे पण मेलेलं पाणी कसं म्हणायचं, तेच भीमेत सोडतात, औज बंधाऱ्यात अडवतात आणि तेच आपण सोलापूरकर पितो की. पोरांनी सुचवलं 'तळचं पाणी'. मला हाच आवडला, कंसात मृतसाठा लिहून तोच ठेवलाय. पाटबंधारे खात्यात कुणी असेल तर सांगा, जुन्या माणसांत याला अजून काही म्हणत होते का?