मदत हवी आहे: कॅसिनोने गावातल्या पोरांना खरंच काम मिळतं का?

नमस्कार मंडळी. वेरूळजवळ आमचं छोटं लॉज आहे. परवा चहावर विषय निघाला, गोव्यासारखे कॅसिनो इकडे आले तर पर्यटक मुक्कामी राहतील, पोरांना पुण्याला जावं लागणार नाही. कॅसिनोला परवानगी देणारा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्दही झाला, तरी लोकांना आशा आहे. मला मात्र भीती वाटते. आमच्या गल्लीतला एक जण सोयाबीनचे पैसे आले की पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचा. शेवटी बायकोची पोत गहाण पडली.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर कुणी काम केलंय का? पगार किती, स्थानिक पोरं किती घेतात? आणि आजूबाजूच्या लॉजवाल्यांचा धंदा वाढला, की गिऱ्हाईक बोटीवरच जेवून परत जातं? ग्रामसभेत बोलायचंय, कृपया सांगा.