नवीन विकिपीडिया संपादकाला पहिल्या दिवशी काय शिकवायचं?

पिंपळपान:
गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेतली, बावीस जण आले, निम्मे तर शिक्षकच. एका वायफायवरून दिवसाला सहाच खाती उघडतात म्हणून बाकीच्यांनी मोबाइल डेटावर उघडली, पण दोन तासांत पंधरा-सोळा लेख तयार झाले आणि सगळे खुशीत घरी गेले. संध्याकाळी बघतो तर बऱ्याच लेखांवर पान काढायचा साचा (ठरावीक मजकुराची सूचना) लागलेला. एका बाईंनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतली चार पानं मोबाइलवर एका बोटानं टाइप करून जशीच्या तशी टाकली होती, तीही उडाली. रात्री त्यांचा फोन आला, "सर, मी चोरी केली का हो?" मला काय बोलावं सुचेना, कारण प्रताधिकार (कॉपीराइट) हा शब्द मी अगदी शेवटी, सगळे चहाला उठलेले असताना काढला होता.

माझं आता पक्कं मत झालंय की पहिल्या दिवशी नवीन लेख नकोच. 'संदर्भ हवा' असं लिहिलेला एखादा जुना लेख घ्यायचा, ग्रंथालयाच्या कपाटातून पुस्तक काढायचं, ते वाक्य पुस्तकात शोधायचं आणि त्याच्यापुढे पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, पान क्रमांक टाकायचा. बस. हे जमलं की मग स्वतःचा लेख. तुमचं काय म्हणणं?

नदीकाठ:
मला अजिबात पटलं नाही. माणूस येतो तो आपल्या गावाबद्दल, आपल्या देवीच्या जत्रेबद्दल लिहायला, त्याला तुम्ही दुसऱ्याच्या लेखात पान क्रमांक भरायला बसवलंत तर पुढच्या वेळी बावीसचे दोन होतील. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, इतकी वर्षं झाली तरी नेमानं लिहिणारे बोटावर मोजण्याइतके. आधी लिहू द्या, चुकलं तर जुने लोक नीट करतील. आणि कित्येक गावांबद्दल अशा स्मरणिकेशिवाय छापील अक्षर नाही, मग संदर्भ आणायचा कुठून? मराठी विश्वकोशातलं घ्यायचं नाही म्हणतात ते तर मला कळतच नाही, सरकारी पैशातून म्हणजे आपल्याच पैशातून झालेलं काम, त्यातला उतारा घेतला तर बिघडलं कुठं?

खारुताई:
@नदीकाठ "जुने लोक नीट करतील" हे पुण्यात २०११ ला करून झालंय. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं तिथल्या कॉलेजांमध्ये इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम चालवला, मुलांनी इंग्रजी विकिपीडियावर आपापल्या विषयाचे लेख लिहायचे असा. मुलांनी पुस्तकांतले, वेबसाइटवरचे परिच्छेदच्या परिच्छेद चिकटवले, आणि त्यांना शिकवायला नेमलेल्यांपैकी बरेच जण विकिपीडियावर स्वतःच नवखे होते. तिकडच्या स्वयंसेवकांना एकेक संपादन उघडून तपासत बसावं लागलं, लोक वैतागले, नोव्हेंबरात कार्यक्रम गुंडाळला. इंग्रजीकडे निस्तरायला माणसं तरी होती. आपल्याकडे तुम्हीच म्हणता बोटावर मोजण्याइतकी, मग त्या चारपाच जणांनी स्वतःचं लिहायचं कधी?

नदीकाठ:
तिथं मुलांना नेमून दिलेलं काम उरकायचं होतं. आपल्याकडे येणारा माणूस प्रेमानं येतो, हा फरक तुम्ही बघतच नाही. आणि शाळेच्या स्मरणिकेसाठी कोण कोर्टात जाणार आहे? उलट आनंदच होईल त्यांना.

जुनंपान:
कोर्टाचा प्रश्नच नाही हो. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली जातो त्यात श्रेय देऊन तो कुणीही छापू शकतो, विकूसुद्धा शकतो. म्हणजे स्मरणिकेतली पानं टाकली की आपण दुसऱ्याची वस्तू सगळ्या जगाला देऊन टाकतो, आणि तीही आपल्या नावानं. म्हणूनच "फक्त विकिपीडियावर वापरा" अशी परवानगी चालत नाही, स्मरणिकेच्या संपादकांनी व्हॉट्सॲपवर "वापरा की" म्हटलेलं पण चालत नाही, या परवान्याखाली देतोय असं त्यांनी स्वतः ईमेलनं लिहून द्यावं लागतं.

सरकारी पैशाचं म्हणाल तर १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं आणि सरकारी प्रकाशनाला छापल्यापासून ६० वर्षं प्रताधिकार असतो, वेगळा परवाना दिला असेल तर गोष्ट निराळी. गोवा विद्यापीठानं कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये असाच मुक्त परवान्याखाली दिला, तसं मागायचं, सगळ्यांनी मिळून मागायचं, पण मागितल्याशिवाय उचलायचं नाही. आणि मोकळं झालेलं थोडं आहे का? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ ला गेले, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालंय. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं २०११ पासून. घ्या ना त्यातलं, श्रेय देऊन घ्या (ज्ञानकोशातली माहिती मात्र शंभर वर्षांपूर्वीची आहे हे लक्षात ठेवून).

नवीन माणसाला मी कायदा सांगतच नाही, एक वाक्य दाखवतो. समजा स्मरणिकेत आहे, "सन १९५८ साली ग्रामस्थांनी रात्रंदिवस श्रमदान करून ज्ञानाचे हे पवित्र मंदिर उभारले." बरेच जण 'रात्रंदिवस'चं 'अहोरात्र' करतात, 'पवित्र'चं 'पावन' करतात आणि म्हणतात माझ्या शब्दांत लिहिलं. ती नक्कलच झाली. पुस्तक मिटवायचं आणि लिहायचं, "शाळेची इमारत १९५८ मध्ये ग्रामस्थांच्या श्रमदानातून बांधली गेली", पुढे स्मरणिकेचं नाव आणि पान. साल कुणाच्या मालकीचं नसतं, श्रमदान झालं ही गोष्टही नसते, मालकी असते ती सांगण्याच्या पद्धतीवर. म्हणजे @नदीकाठ स्मरणिका वापरायचीच आहे, संदर्भ म्हणून. फक्त "तालुक्यातली सर्वोत्तम शाळा" हे तिच्या भरवशावर लिहायचं नाही. शिवाय गावांसाठी जिल्हा गॅझेटियर आहेत, जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे, वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या आहेत.

माळरान:
मी तीन वर्षांपूर्वी नवीन होतो म्हणून लिहितो. माझा पहिला लेख आमच्या गावच्या बारवेचा, तासाभरात काढला गेला, चर्चा पानावर कायद्याच्या भाषेतला लांबलचक साचा, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आठ महिने फिरकलो नाही. मग कुणीतरी लिहिलं, "तुमचा बारवेचा फोटो फार छान आलाय, तो ठेवलाय. पहिला परिच्छेद एका वेबसाइटवरचा होता म्हणून काढावा लागला. पायऱ्यांची संख्या तुम्ही कुठून घेतली? पुस्तक असेल तर सांगा, मिळून लिहू." या चार ओळींसाठी मी परत आलो. काढायचं ते काढाच, पण काढणाऱ्यानं चार ओळी स्वतःच्या हातानं लिहाव्यात एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नदीकाठ:
@माळरान हेच मला म्हणायचं होतं, मी वेगळ्या टोकावरून बोललो. चिकटवणं नको, मान्य. पण पहिल्या दिवशी दुसऱ्याचाच लेख घ्यायचा हे मला अजूनही मान्य नाही. धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) स्वतःच्या गावाची पाचच वाक्यं लिहू द्या, प्रत्येक वाक्यामागे एक छापील पान. माणूस पण टिकेल आणि संदर्भाची सवय पण लागेल.

पिंपळपान:
पाच वाक्यं चालतील, पुढच्या वेळी तसंच करू. फक्त चिकटवलेला मजकूर धूळपाटीवरही चालत नाही, तीही सगळ्या जगाला दिसते, हे सुरुवातीलाच सांगायचं.

त्या बाईंचं सांगायचं राहिलं. रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो, स्मरणिका मध्ये ठेवली, चार पानांची नऊ वाक्यं झाली. सातव्या वाक्याला त्या थांबल्या. स्थापनेचं साल तिसऱ्या पानावर एक आणि अकराव्या पानावर दुसरंच. एका बोटानं सगळं टाइप केलं तेव्हा दिसलं नव्हतं म्हणाल्या. ते साल आम्ही लेखात टाकलेलं नाही. शनिवारी त्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायला येणार आहेत, मी किल्ली घेऊन ठेवलीय.