नोव्हेंबरचे पक्षीवाले आणि शाळेतली पोरं

टेकडीकर: परवा एकाने लिहिलं, 'शाळेच्या पोरांना पक्षी दाखवणारे स्वयंसेवक म्हणजे गळ्यात दुर्बीण अडकवलेले हौशी. घरी गेल्यावर पोरांना एक नाव आठवत नाही.' त्यावर लाइकचा पाऊस. डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नावं पाठ करायला नेतोच कोण? पुण्यात वेताळ टेकडीवर आमच्याबरोबर सातवीची मुलं असतात. सुरुवातीला नुसता गोंगाट, कबूल. मग कुणाला तरी वेडा राघू दिसतो. तारेवरून झेपावतो, माशी पकडून परत तारेवर येतो आणि गिळायच्या आधी ती आपटतो. का आपटतो? मोठ्यांनी उत्तर द्यायचं नाही, हा आमचा नियम. बराच वेळ टक लावून बघितल्यावर एक पोरगा म्हणाला, 'मधमाशी आहे ती, नांगी काढतोय.' बरोबर उत्तर, आणि कुणी न सांगता! आता बोला.

झेडपीची_बाई: बोलते. चितमपल्लींच्या वाढदिवसाला उगवता आणि सलीम अलींच्या वाढदिवसाला मावळता. ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह संपला की तुम्ही गायब. पालकांची संमतीपत्रं मी गोळा करायची, केंद्रप्रमुखांना मी विचारायचं, माळावर मुलींना लघवीला कुठे न्यायचं तेही मीच बघायचं. आग्या मोहोळ उठलं तर नोटीस कुणाला येईल? त्यात मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती आणि आता सरकारचा 'आनंददायी शनिवार' उपक्रम. आनंद कुणाला होतो ते विचारू नका.

मागे आमच्याकडे आलेल्या एका दादांनी तर पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवला. बिचारा नर भांडायला धावत आला. पोरं खूश, दादांना फोटो मिळाला.

गोदाकाठचा: फुकटचं ते फुकटच जातं. नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गावातलीच पोरं गाइड आहेत, पाण्यातला पक्षी नुसत्या चालीवरून ओळखतात. शाळांनी त्यांना पैसे देऊन बोलवावं. शहरातले स्वयंसेवक कशाला?

मुलुंडचा_काका: ते राहू द्या. आमच्या नातीला अशाच एका ताईने शिकवलं की कबुतरांना दाणे घालायचे नाहीत. पोरीने घरी येऊन आजीच्या हातातली वाटी काढून घेतली! लग्न झाल्यापासून ज्वारी घालते ती. हे पक्षीप्रेम की पक्षीद्वेष?

ठाणेकर: काका, ताई बरोबर आहे. कबुतरं उपाशी मरत नाहीत, फुकट दाणे मिळाले की वाढतात फक्त. माझ्या सासूबाईंना दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, गॅलरीत कबुतरं येतात का? आज घरी ऑक्सिजन लावून बसल्या आहेत.

मुलुंडचा_काका: आमची ही ठणठणीत आहे. २०२५ मध्ये दादरच्या कबूतरखान्यावर दाणे बंद करायला पालिकेने ताडपत्री टाकली तेव्हा लोकांनी ती ओढून काढली. ते काय वेडे होते?

ठाणेकर: हो.

मुलुंडचा_काका: भाषा सांभाळा. जीवदया कशाशी खातात ते ठाऊक नाही आणि निघाले शिकवायला.

ठाणेकर: दया आहे ना, सासूबाईंवर. खिडकीवरची घाण मी खरवडते, तुमची जीवदया येते का पुसायला?

टेकडीकर: अहो, कबुतरांचा वेगळा धागा काढा!

मुलुंडचा_काका: का? कबूतर पक्षी नाही?

टेकडीकर: आहे बाबा, आहे. बाई, आवाज वाजवणाऱ्या दादांना कोपरापासून नमस्कार, त्यांची वकिली मी करणार नाही. नोव्हेंबरचा टोमणा मात्र जिव्हारी लागला. मग जुलैत बोलवा की! शाळेजवळ विहीर असेल, तिच्यावर बाभूळ वाकलेली असेल तर सुगरणींची वसाहत बसल्या जागी दिसते. घरटं विणतो नर. अर्धं झालं की त्याला लटकून पंख फडफडवतो, मादी येऊन तपासते. नापसंत पडलं तर तो तसंच सोडून दुसरं घ्यायला लागतो. त्याला ना बस लागते, ना दुर्बीण.

झेडपीची_बाई: विहीर आहे, कठडा नाही. ओढ्याकाठच्या शिंदीवर घरटी असतात, तिथे येते मी पोरांना घेऊन. शनिवारी सकाळची शाळा, सातला हजर व्हा. चहा मिळेल. पुढच्या शनिवारीही आलात तर बाकीचं बोलू.

गोदाकाठचा: आणि गाडीभाडं?

झेडपीची_बाई: बघा, पहिली चिंता पेट्रोलची.

मुलुंडचा_काका: माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.