बोटीच्या व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाची केबल डोलकाठीच्या बुडाशी फाटली आहे. जोडू की नवीन टाकू?

नमस्कार. रंगकामासाठी डोलकाठी उतरवली होती. परत उभी करताना केबल बुडाशी चेपली आणि वरचं आवरण फाटलं. मी त्यावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली. दोन महिने काही जाणवलं नाही.

गेल्या आठवड्यात वारा पडला आणि इंजिनही सुरू होईना. रेडिओ सेटवरून चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, हाक मारली. समोरच्यांचं मला तुटक का होईना ऐकू येत होतं, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत जातच नव्हता. शेवटी ५ वॉटच्या हातातल्या सेटवरून बोललो, तर लगेच उत्तर आलं. पक्का बसवलेला सेट २५ वॉटचा आहे! तेव्हापासून चैन नाही. बोटीवर घरचे लोकही असतात.

टेप सोडली तर आतून पाणी ओघळलं. मधल्या तारेभोवतीच्या जाळीचं तांबं काळंकुट्ट. वीतभर मागे कापलं तरी काळंच, आणखी हातभर कापलं तरी तेच. त्यावर डाग (सोल्डर) धरतच नाही, शिसं गोळी होऊन घरंगळतं. केबल आरजी-५८ म्हणजे बारीक जातीची आहे, लांबी साधारण १८ मीटर. मल्टिमीटर लावला तर मधली तार आणि जाळी यांच्यात जवळपास शून्य ओहम दिसतात. म्हणजे शॉर्ट आहे का? आणि घरात टीव्हीची केबल पडून आहे, तिचा तुकडा मध्ये जोडला तर चालेल का?

प्रतिसाद:
शून्य दिसलं म्हणून अँटेना टाकून देऊ नका. बऱ्याच अँटेनांच्या बुडाशी कॉइल असते, ती मीटरला शॉर्टच दिसते. वर जाऊन अँटेना सोडवा आणि मग मोजा. टीव्हीची केबल ७५ ओहमची, तुमचा सेट आणि अँटेना ५० ओहमचे, त्यामुळे ती नको. तारा पिळून जोडणंही नको. मधली तार आणि जाळी यांच्यातलं अंतर जिथे बिघडतं तिथून काही शक्ती उलट सेटकडे फिरते. दुरुस्ती होईपर्यंत त्या सेटवरून बोलू नका.

जाळी इतक्या आतपर्यंत काळी असेल तर पाणी केशाकर्षणाने वर चढलं आहे. पूर्ण केबल बदला. आरजी-५८ धडधाकट असली तरी १८ मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती खाते. डोलकाठीत जागा असेल तर जाड आरजी-२१३ घ्या, जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढून घ्या. बुडाशी जोड हवाच असेल तर दोन्ही टोकांना पीएल-२५९ (फिरकीचे कनेक्टर) आणि मध्ये त्यांना जोडणारा बॅरल. डाग देण्याआधी कनेक्टरची फिरकी केबलमध्ये ओवायला विसरू नका, नाहीतर सगळं काम परत. वरून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि जोडाच्या अलीकडे केबल खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल.

मूळ लेखक:
आज अँटेना सोडवून मोजलं. तरीही काही किलोओहम दिसतात, म्हणजे केबलच ओली आहे. नवी टाकतोय. एवढ्या जाड कनेक्टरला डाग देताना आतलं प्लास्टिक वितळू नये म्हणून किती वॉटची सोल्डरिंगची इस्त्री वापरता? आणि एसडब्ल्यूआर (किती शक्ती उलट फिरते त्याचं माप) किती आला म्हणजे निर्धास्त व्हायचं?

प्रतिसाद:
६० ते १०० वॉटची, जाड टोकाची. बारीक इस्त्री बराच वेळ टेकवून ठेवावी लागते आणि त्यानेच प्लास्टिक वितळतं. एसडब्ल्यूआर १.५ च्या आत हवा. चाचणी १ वॉटवर करा, आणि १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर.